रामगोंडाअण्णांचे दोनशे अडुसष्ट

त्या गुरुवारी मी वाचायला उभा राहिलो नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. निदान मला तसं वाटतं. कुतुबुद्दीन म्हणतो, "मास्तर, तुमी नसता तर दुसऱ्या कुनीतरी घोळ घातलाच असता." पण तो माझी समजूत काढतो, हे मला कळतं.

आमचं गाव तासगावपासून सहा किलोमीटरवर. मी मूळचा रहिमतपूरचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. हायस्कूलच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढली म्हणून सगळे मला केरबा मास्तर म्हणतात. शिकवलं मात्र मी कुणालाच नाही. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचं, एवढंच माझं काम. ती पाटी मला इतकी मानवली की निवृत्तीनंतरही चारचौघांत बोलायचं म्हटलं की तळहातांना घाम सुटतो.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी सकाळी कुणीतरी काहीतरी वाचून दाखवतं. त्या दिवशी पाळी माझी होती. संघातल्या निम्म्या लोकांना रक्तदाब, म्हणून मी आरोग्यावरचं एक जाडजूड पुस्तक निवडलं. नवं कोरं होतं, कुणी कधी उघडलेलं नव्हतं, पानं कडेला एकमेकांना चिकटलेली. वाचताना मान वर करायची नाही असं ठरवलं होतं.

"कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतो," मी वाचलं. "धान्य, डाळी, भाज्या, फळे यांतून तो मिळत नाही. तो मिळतो प्राणिजन्य अन्नातून. उदाहरणार्थ, मांस, अंडी," इथे पान संपलं. मी ओल्या अंगठ्यानं पान उलटलं. "आणि हा थर साचत गेला की रक्तवाहिन्या अरुंद व ताठ होतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि रक्तदाब वाढतो."

वाक्य नीट जुळलं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं का? जाणवलं असावं. पण मागं जाऊन पाहायचं म्हणजे थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे लोकांनी माझ्याकडे बघायचं. मी पुढे रेटत गेलो.

पहिल्या रांगेत आक्काताई पाटील बसल्या होत्या. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, आणि एखादी गोष्ट एकदा डोक्यात शिरली की ती तिथे कायमची राहायला येते. त्यांनी विचारलं, "मास्तर, म्हंजे मटन-अंडी खाल्ल्याबिगार हे अंगात येतच न्हाई म्हना की?"

मी पानाकडे बघतच म्हणालो, "पुस्तकात तसंच दिलंय."

हे पाच शब्दसुद्धा नाहीत. पण त्यांनी एका भल्या माणसाचा संसार हलवला.

हा भला माणूस म्हणजे आक्काताईंचे यजमान, रामगोंडा पाटील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय बहात्तर, चार एकर द्राक्षबाग, बेदाण्याच्या दोन शेड. एका शेडमध्ये उभं राहून बोलले की दुसऱ्या शेडमधली माणसं कामाला लागतात, असा आवाज. त्या माघात गावातल्या जैन मंदिरात पंचकल्याणक पूजा होती. पाच दिवसांचा मोठा सोहळा. त्यात एक जोडपं इंद्र आणि इंद्राणी होतं. मुकुट, जरीचे शेले, गळ्यात हार, आणि शेवटच्या दिवशी ऐरावतावरून मिरवणूक. इंद्र-इंद्राणी कोण होणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली अण्णा-आक्काताईंची. आक्काताईंनी ही बातमी शेजारणींना सांगितली, कवठे महांकाळच्या बहिणीला फोनवर सांगितली आणि शेवटी गोठ्यात जाऊन दोन्ही म्हशींनाही सांगितली. हे मला अण्णांनीच सांगितलं.

ऐरावत म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर लाकडी चौकट, तिच्यावर थर्माकोलचा पांढरा हत्ती, पाठीवर दोन खुर्च्या आणि मागं नऊ पायऱ्यांची शिडी. इंद्राचे कपडे आणि ऐरावताची झूल शिवायचं काम गावच्या शिंप्याकडे, कुतुबुद्दीनकडे. तो आणि अण्णा शाळेपासूनचे दोस्त.

आता, मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावात मिरवणुकीत इंद्राला चक्कर आली आणि तो वरून थेट बँडवाल्यांच्या ढोलावर बसला होता. इंद्राला काही झालं नाही, ढोल गेला. म्हणून आमच्या पूजा समितीनं ठरवलं की वर चढणाऱ्या प्रत्येकाची आधी तपासणी करायची. गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी आल्या, रक्त घ्यायला कुतुबुद्दीनची मुलगी समीना आली. ती तासगावच्या एका लॅबमध्ये काम करते.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "दाबाचा वरचा आकडा एकशे साठच्या पुढं असेल तर ऐरावतावर चढायचं नाही. इंद्र असला तरी नाही."

आक्काताई त्या दिवशी आल्याच नाहीत. "मला काय झालंय? लोनी कढवायला ठेवलंय," असा निरोप आला. मापं घ्यायला आलेल्या कुतुबुद्दीनचंही रक्त समीनानं तपासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी निकाल आले. अण्णांचा दाब एकशे सेहेचाळीस-ब्याण्णव. कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट.

संध्याकाळी अण्णा माझ्या दारात उभे. हातात तो कागद, आणि आवाज असा की मला वाटलं घसा बसलाय.

"मास्तर," ते कुजबुजले, "तुमी माझं घर मोडलं."

"मी? काय झालं अण्णा?"

"तिनं कागद वाचला. चष्मा काढला. पुसला. परत वाचला. आनि म्हनाली, 'कुठं खाल्लंसा?'"

"काय खाल्लं?"

"मटन! आवं, मी चातुर्मासात बटाट्याला हात लावत न्हाई. अंडं गोल असतंय, एवढंच मला म्हाईत हाय, तेबी ऐकून! आनि ती म्हंते मास्तरांच्या पुस्तकात छापलंय."

खरं सांगायचं तर एक क्षणभर, अगदी एक क्षणभर, मीही अण्णांकडे संशयानं पाहिलं. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची मला जन्माची खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताईंनी घरापुढच्या सोप्यावर दरबार भरवला. साक्षीदार म्हणून मला बोलावलं, आरोपीचा साथीदार म्हणून कुतुबुद्दीनला. तो गळ्यात टेप तशीच ठेवून आला.

"ह्यांनी दोन वरसांमागं नाशिकला द्राक्षाच्या मेळाव्याला जाऊन तीन दिवस काढले," आक्काताईंनी सुरुवात केली. "आल्यावर दोन दिवस जेवन जाईना."

"आगं, तिथलं खाऊन पोट बिघडलं हुतं!" अण्णा म्हणाले.

"तेच म्हंते मी. काय खाऊन बिघडलं?"

अण्णांनी टोपी काढून परत घातली.

"आनि रोज दिवस मावळायच्या आत कुतुबभाईच्या दुकानात अर्धा तास. तिथं काय असतंय?"

"आक्का," कुतुबुद्दीन म्हणाला, "माझ्या दुकानात खायला फकस्त सुया हायत."

"तुमचं किती आलं?"

"काय?"

"ते, कोलेस्टेरॉल."

कुतुबुद्दीननं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. "एकशे अठ्ठावन्न," तो म्हणाला.

"आनि मटन कवा खाता?"

"शुक्रवारी. घरात सगळी असली तर."

"ऐकलंसा मास्तर?" आक्काताईंनी दोन्ही हात पसरले. "आठवड्यातनं एकदा खानाऱ्याचं एकशे अठ्ठावन्न. आनि ह्यांचं दोनशे अडुसष्ट. म्हंजे हे रोज खात्यात!"

हिशेब बिनतोड होता. मी तर मनातल्या मनात त्रैराशिकसुद्धा मांडून पाहिलं.

मग आक्काताईंचा आवाज एकदम खाली आला आणि मला कळलं की ही नुसती भांडणाची हौस नाही. "मास्तर, शनिवारी पूजेत मुनिमहाराजांच्या समोर व्रत घ्यायचंय. जन्मभर आहार शुद्ध ठेवलाय म्हनून हात जोडायचं. ह्यांच्या शेजारी बसून मी खोट्याला हात जोडनार न्हाई. कबूल करा म्हनावं, प्रायश्चित्त घ्या. न्हाईतर समितीला दुसरं जोडपं बघू द्या."

त्या आत गेल्या. अण्णा मुकुटाच्या खोक्याकडे बघत बसले. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईनं शेजारी बसायला नको म्हणावं, हे त्या माणसाला मटणाच्या आरोपापेक्षा जास्त लागलं होतं. तो मंगळवार होता. शनिवारला चार दिवस.

बुधवारी अण्णांनी कुतुबुद्दीनच्या दुकानात एक भयंकर कल्पना मांडली. "खाल्लं म्हनून टाकू का? मिटंल तरी."

"न खाता?" मी म्हणालो.

"व्हय. पन ती इचारनार, कसं लागलं? तिथं माझी पंचाईत. कुतुब, तू सांग की रं. काय सांगू?"

कुतुबुद्दीन मशीनवर झूल शिवत होता. पाय न थांबवता म्हणाला, "सांग, रस्सा तिखट हुता."

"आनि?"

"आनि हाड लागलं."

"कुठं लागलं?"

"ताटात, गड्या! तू पडला न्हाईस, जेवलास!"

"आनि ते हाड, त्याचं काय करत्यात?"

कुतुबुद्दीननं मशीन थांबवलं. "रामगोंडा, तुला खोटं बोलायला जमनार न्हाई. तुझ्या तोंडावर वरनभात दिसतोय."

आम्ही हसलो, अण्णासुद्धा. पण त्याच दुपारी डॉक्टरांनी अण्णांचा दाब मोजला तर एकशे बहात्तर. सकाळी एकशे अठ्ठावन्न होता. म्हणजे व्रताचा प्रश्न सुटला तरी ऐरावताची शिडी आता बंद.

डॉक्टर अण्णांना गोळी लिहून देत असताना मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, कोलेस्टेरॉलमुळं दाब इतक्या झपाट्यानं वाढतो का?"

"नाही हो मास्तर," त्या म्हणाल्या. "कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या भिंतीत बसत जातं. तिथं थर जमला की वाहिनी ताठ होते आणि दाब वाढायला मदत होते. उलट दाब जास्त असला की भिंतीला इजा होते आणि कोलेस्टेरॉलला बसायला जागा मिळते. दोघं एकमेकांना साथ देतात. पण दोन्ही वेगळी दुखणी आहेत. एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. आणि दोन-तीन दिवसांत एवढी उडी कोलेस्टेरॉल मारत नाही." त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "घरात काही झालंय का?"

अण्णा छताकडे बघायला लागले.

मला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. पुस्तकात कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांच्या मधे रक्तवाहिनी होती. आमच्या गावात मधे आक्काताई होत्या.

"पण मग शाकाहारी माणसाला एवढं कोलेस्टेरॉल येतं कुठून?" मी विचारलं.

"तुमच्या पुस्तकात नाही का दिलं?" डॉक्टर सहज म्हणाल्या. "कुठल्याही पुस्तकात असतं ते."

मी घरी जवळजवळ पळत गेलो. पुस्तक काढलं, ते पान काढलं. मांस, अंडी, स्वल्पविराम. पान उलटलं. पुढचं वाक्य 'आणि हा थर'नं सुरू होत होतं. पृष्ठ क्रमांक पाहिले. एक्केचाळीसनंतर चव्वेचाळीस. बत्तीस वर्षं पुस्तकं हाताळलेल्या माणसानं दोन पानं एकदम उलटली होती! मी स्वयंपाकघरातली सुरी आणून कड सोडवली. आत लिहिलं होतं: 'तसेच लोणी, तूप, साय, खवा यांतून. शिवाय शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल आपले यकृत स्वतःच तयार करते. काही घराण्यांत ते जन्मतःच जास्त तयार होते. तुपासारखे स्निग्ध पदार्थ फार खाल्ले तर रक्तातले प्रमाण वाढते. त्यामुळे कधीही मांसाहार न केलेल्या माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले असू शकते.'

मी जमिनीवरच बसलो. मग उठलो. आक्काताईंना सांगायला हवं होतं. मी. तोंडानं.

पहिल्यांदा गेलो तो फाटकापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्यांदा आत गेलो, तर त्यांनी "काय मास्तर?" म्हणून असं बघितलं की माझ्या तोंडून "थोडं ताक मिळेल का?" एवढंच आलं. मोठा पेला आला, वर लोण्याचा गोळा तरंगत होता. तो पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा मात्र पुस्तक उघडं धरूनच घरातून निघालो आणि सोप्यावर पाय ठेवताक्षणी, नमस्कारसुद्धा न करता, वाचायला लागलो. दोन्ही पानं सलग वाचली. शेवटी म्हणालो, "आक्काताई, चूक माझी आहे. पानं चिकटली होती."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मास्तर, गेल्या गुरुवारी एक पान वाचलंसा. आज दुसरं. उद्या तिसरं घेऊन आलासा तर मी काय करू?"

मी पृष्ठ क्रमांकांवर बोट ठेवलं, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

इतक्यात इंद्राणीच्या शेल्याचं माप घ्यायला कुतुबुद्दीन आला. त्यानं सगळं ऐकलं, टेप गळ्यातून काढली आणि म्हणाला, "आक्का, पुस्तक ऱ्हाऊ द्या. तुमीच रक्त द्या की. तुमी तर नाशिकला गेला न्हाईसा."

आक्काताईंचे डोळे चमकले. "व्हय की! माझं शून्य आलं, म्हंजे ह्यांचं उघडं पडलं."

"शून्य येत नसतं," मी पुटपुटलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी सकाळी समीना सुई घेऊन हजर. "काकू, बारा तास काही खाल्लं नाही ना?"

"पोरी, मी दशलक्षणात दहा दिवस नुसत्या गरम पान्यावर काढल्यात. बारा तास मला काय इचारतीस! घे किती घ्यायचं ते." त्यांनी हात असा पुढे केला, जणू शिक्षा अण्णांना होणार होती.

दुपारी चारला समीनाची स्कूटी अंगणात शिरली. सोप्यावर अण्णा, मी, कुतुबुद्दीन आणि अंगणाच्या कडेनं उगाच काहीतरी निवडत बसलेल्या पाच-सहा शेजारणी. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. एका आकड्यावर त्यांचं इंद्र होणं अवलंबून होतं, आणि इंद्र होण्यापेक्षाही शेजारची खुर्ची.

समीनानं पाकीट फोडलं. एकदा वाचलं. ओठ आत ओढून घेतले.

"वाच की गं," आक्काताई म्हणाल्या. "भिऊ नको त्यांना."

"काकू," समीना म्हणाली, "दोनशे एक्क्याण्णव."

शेजारणींच्या हातातली सुपं थांबली. गोठ्यात म्हैस हंबरली.

अण्णांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग सावकाश उभे राहिले, धोतर सारखं केलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा दोन्ही शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी नाशिकला गेलतो. तू कुठं गेलतीस गं?"

कुतुबुद्दीन टेप तोंडाशी धरून हसायला लागला. आक्काताईंनी कागद ओढून घेतला, नाव वाचलं, उलटा करून मागचं वाचलं, सुलटा केला. "माझंच हाय का?"

"तुमचंच. मीच काढलंय."

"दोनशे एक्क्याण्णव," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हंजे ह्यांच्यापेक्षा..."

"तेवीस जास्ती," अण्णा म्हणाले. "तू दोन टायमाला खातीस!"

आक्काताई मटकन बसल्या. मग त्यांनी मला हाक मारली, "मास्तर, त्या पानावर काय काय लिवलं हुतं म्हनालासा? परत वाचा."

मी वाचलं. लोणी, तूप, साय, खवा. प्रत्येक शब्दाला त्यांची मान स्वयंपाकघराकडे वळत होती. तिथे फळीवर तुपाच्या तीन बरण्या होत्या, हे त्या सोप्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण त्यांतलं तूप प्रत्येकानं खाल्लं होतं.

"म्हंजे पन्नास वरसं," आक्काताई म्हणाल्या, "मीच वाढलं."

"आनि नको म्हनलं की वर आनखी एक पळी," अण्णा म्हणाले. "'घ्या की, अंगाला लागतंय.'"

"मग लागलं की अंगाला!" आणि आक्काताईंना जे हसू फुटलं ते आवरेना. त्या हसल्या, मग शेजारणी हसल्या, समीना हसली, अण्णा खांबाला धरून हसले. मीसुद्धा हसलो, आणि मोठ्यानं, पाटीखाली बसल्याची सगळी वर्षं विसरून. आक्काताईंनी पदरानं डोळे पुसले आणि अण्णांकडे बघून, पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात, म्हणाल्या, "चुकलं माझं. उद्या महाराजांच्या समोर बसायचंय. दाढी करा." माफी मागून झाली, लगेच कामही सांगून झालं. मग कुतुबुद्दीनकडे वळून, "कुतुबभाई, उभं का? माप घ्या की!"

शनिवारी दोघांनी शेजारी बसून व्रत घेतलं. पण अजून रविवार होता, आणि नऊ पायऱ्या.

रविवारी सकाळी ऐरावत मंदिरासमोर उभा. झुलीवर उन्हात जरी चमकतेय, ट्रॅक्टर धडधडतोय, बँडवाले गाल फुगवून तयार. शिडीच्या पायथ्याशी टेबल टाकून डॉक्टर प्रियदर्शनी बसलेल्या. अण्णा मुकुट घालून आले. दाब एकशे बेचाळीस-अठ्ठ्याऐंशी. "गोळीनं आणि बिनमिठाच्या जेवणानं काम केलंय," त्या म्हणाल्या. "मिरवणुकीनंतर सोडायची नाही हं गोळी. जा."

टाळ्या पडल्या. मग इंद्राणी बसल्या. पट्टा फुगला, हवा सुटली, डॉक्टरांनी भुवई उंचावली.

"एकशे चौसष्ट."

"मशीन बिघडलं असंल," आक्काताई म्हणाल्या. "आवं, तवर ती दुसरी माळ आना, आनि त्या बँडवाल्याला सांगा..."

"काकू! बोलायचं नाही. पाय जमिनीवर, पाठ टेकून, पाच मिनिटं गप्प बसायचं. मग परत मोजू. एकशे साठच्या वर आला तर चढायचं नाही."

पाच मिनिटं गप्प! कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला. बँडमास्तरनं हात वर केला आणि पितळी वाद्यं खाली आली. दोन-अडीचशे माणसं आक्काताईंच्या दाबासाठी श्वास धरून उभी राहिली. दीड मिनिटानं त्या म्हणाल्या, "आवं, ते..." डॉक्टरांनी बोट वर केलं. घड्याळ पुन्हा शून्यावर. दुसऱ्यांदा दोन मिनिटं गेली. पुन्हा, "आवं!" पुन्हा शून्य.

त्यांचा चेहरा लाल होत होता. एकटक अण्णांकडे बघत होत्या, बोटं खुर्चीच्या हातावर नाचत होती. मीही अण्णांकडे पाहिलं. आणि मला दिसलं. मुकुट डावीकडे कलला होता. चांगला चार बोटं. पन्नास वर्षं या माणसाची टोपी सारखी केलेल्या बाईला तो वाकडा मुकुट बघत गप्प बसायला सांगितलं होतं. कोलेस्टेरॉलचा इथे काय संबंध!

मी पाच-सहा वेळा स्वतःला बजावलं की आपली चूक होत असेल, दुसरं कुणी जाईल, आपण कोण. मग एवढ्या माणसांसमोरून, त्या भयाण शांततेतून, माझ्या चपलांचा फटफट आवाज करत मी चालत गेलो. टाचा उंचावल्या आणि दोन्ही हातांनी अण्णांचा मुकुट सरळ केला.

आक्काताईंनी जो श्वास सोडला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. डोळे मिटले, पाठ टेकली आणि पाच मिनिटं बसल्या, अगदी मूर्तीसारख्या. पट्टा फुगला.

"एकशे चोपन्न," डॉक्टर म्हणाल्या. "चढा. पण हळू. आणि उद्या दोघंही दवाखान्यात!"

बँडनं एकदम एवढा दणका दिला की मी कुतुबुद्दीनला धरलं. अण्णा चढले. सहाव्या पायरीवर वळून त्यांनी हात खाली केला आणि आक्काताईंनी सगळ्या गावासमोर तो धरला. ट्रॅक्टर सुरू झाला, ऐरावत सोंड हलवत निघाला. वरच्या खुर्चीत आक्काताई बोलत होत्या. पाच मिनिटांत साठलेलं सगळं, हातवारे करत, एकसारखं. खाली आम्हाला बँडपुढे एक अक्षर ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं की इंद्र मान डोलावतोय, पुन्हा डोलावतोय, आणि इतका हसतोय की त्याला खुर्ची धरून बसावं लागतंय.